मुरलेली

गोव्याहून कोणीही आलं की बॅगेत काजू आणि टॉवेलात गुंडाळलेली पोर्ट वाइनची बाटली असायचीच, त्यामुळे पोर्ट म्हणजे गोव्याचीच, गोड, स्वस्त आणि सकाळी डोकं धरायला लावणारी, असा माझा पक्का समज होता. मूळची पोर्ट पोर्तुगालमधल्या दोरो नदीच्या खोऱ्यातली, आणि त्या भागाची हद्द १७५६ सालीच आखून झालेली, हे मला थेट पोर्तोला गेल्यावर कळलं.

शहरासमोर नदीपलीकडे विला नोव्हा दे गाया आहे, तिथे पोर्टची जुनी गोदामं. आत अंधार, गारवा, लाकडी पिंपांच्या रांगा आणि ओलं लाकूड नि मनुका यांचा मिळून येतो तसा वास, मला तर आजीच्या फडताळाची आठवण आली. ही गोड कशी, तर द्राक्षाचा रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, साधारण निम्मी साखर उरलेली असताना, त्यात द्राक्षाचीच ७७ टक्क्यांची कडक दारू ओततात. यीस्टचा कारभार तिथेच बंद, साखर राहते जागेवर आणि अल्कोहोल जातं २० टक्क्यांच्या आसपास. पाक एकतारी झाला की गॅस बंद करायचा, तसंच की! उगाच गोड वाइन म्हटली की नाक मुरडणारे लोक असतात, त्यांना कोणी पाक करायला बसवा.

रुबी पोर्ट कोकमाच्या आगळासारखी लाल, आणि टॉनी पिंपात वर्षानुवर्षं राहून राहून फिकी होत काकवीच्या रंगावर येते, चवीला अक्रोड, सुकं अंजीर, किंचित करपलेली साखर. मी दहा वर्षांची टॉनी घेतली आणि घरी आणून कपाटात तीन वर्षं जपून ठेवली, म्हटलं लोणच्यासारखी अजून मुरेल, दहाची तेरा होईल. तर तसं काही नसतं म्हणे, टॉनी मुरते ती पिंपात, बाटलीत भरली की तिचं वय थांबलं. बाटलीत मुरते ती व्हिंटेज पोर्ट, तीही वीस-वीस, तीस-तीस वर्षं, आणि तळाशी गाळ बसतो म्हणून हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी लागते. म्हणजे मी तीन वर्षं नुसता उपास केला.

शेवटी दिवाळीत उघडली. बेबिंका मिळाली नाही म्हणून सोबत अंजीर बर्फी, आणि खरं सांगतो, झकास जमलं. आईने वास घेतला, एक घोट घेतला, म्हणाली, "अरे, हे तर द्राक्षासव!" म्हटलं, आई, पोर्तुगालहून आणलंय. "असू दे की, जेवणानंतर दोन चमचे घ्यायचं असतं ते," आणि ग्लास पुढे करून, "माझा एकच चमचा झालाय."