आतड्याच्या स्कॅफोल्डचं विघटन मोजताना: माझा अनुभव

आतड्याची ऊती वाढवायला पीजीएच्या (पॉलिग्लायकॉलिक आम्ल या हळूहळू तुटणाऱ्या प्लास्टिकच्या) न विणलेल्या धाग्यांची नळी स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींचा आधार-सांगाडा, म्हणून वापरतात आणि ती दबू नये म्हणून तिला पीएलएलएचा (पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल या तशाच दुसऱ्या प्लास्टिकचा) लेप देतात. अशाच नळ्यांचं विघटन मी बफरमध्ये (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मोजलं. लांबी १० मिमी, बाहेरचा व्यास ५ मिमी, भिंत २ मिमी आणि कोरडं वजन जेमतेम १० मिग्रॅ. एवढ्याशा वजनात चूक शिरायला फार जागा असते.

पहिली चूक लेपापासूनच सुरू होते. क्लोरोफॉर्ममधलं ५ टक्के पीएलएलए लावल्यावर नळी वरून लगेच कोरडी वाटते, पण क्लोरोफॉर्म आत उरतो. तो पुढे हळूहळू निघतो आणि आपण ते विघटन समजतो. म्हणून निर्वातात ठेवून, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबायचं. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) अजिबात नको. वाफेच्या उष्णतेत पीजीए तिथेच तुटू लागतं.

मग पीएच ७.४ चा, मीठ घातलेला फॉस्फेट बफर, ३७ अंश सेल्सिअस. नळी पाण्यावर तरंगते, धाग्यांत हवा अडकलेली असते. बफरमध्ये बुडवून निर्वात लावला की बुडबुडे निघतात. बुरशी टाळायला ०.०२ टक्के सोडियम अझाइड. ते विषारी आहे, आम्लात मिसळायचं नाही, सिंकमध्ये ओतायचं नाही.

बफर किती घ्यायचा? प्रमाणित पद्धतीत १ ग्रॅम नमुन्याला किमान ३० मिली. त्या हिशेबाने १० मिग्रॅला ०.३ मिली पुरेल, पण त्यात नळी धड बुडतही नाही. मी ५ मिली घेतला. तोही सबंध काळ पुरत नाही: १० मिग्रॅ पीजीए पूर्ण तुटलं तर सुमारे ०.१७ मिलिमोल आम्ल सुटतं, आणि १० मिलिमोलर बफरच्या ५ मिलीमध्ये ते आम्ल झेलणारं फॉस्फेट असतं अवघं ०.०५ मिलिमोल. पीएच घसरला की विघटनाचा वेग आपल्या हातात राहत नाही. दर दोन दिवसांनी पीएच बघायचा, ७.२ च्या खाली जाण्याआधी बफर बदलायचा.

सगळ्यात फसवं असतं मीठ. नळीच्या भिंतीत सुमारे ०.२ मिली बफर मुरतो. न धुता वाळवली तर त्यातलं जवळपास २ मिग्रॅ मीठ मागे राहतं, म्हणजे वजन २० टक्क्यांनी जास्त! ऊर्ध्वपातित पाण्यात तीनदा, दर वेळी दहा मिनिटं बुडवून मगच फ्रीझ ड्रायरमध्ये (गोठवून वाळवणाऱ्या यंत्रात). ओव्हन नको, पीजीएचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते) ३५ ते ४० अंशांच्या आसपास आहे.

आणि केवळ वजनावर विसंबू नका. सुरुवातीला प्लास्टिकच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात, रेणुभार घसरतो, तरी वजन जवळपास तेवढंच दिसतं. नळीची ताकद मात्र तोवर गेलेली असते. पोकळी मिटली तर पेशींना त्या नळीचा उपयोग नाही, त्यामुळे दाबचाचणी (नळी दाबून तिची ताकद बघणं) माझ्या मते वजनाहून महत्त्वाची. ती ओल्या नळीवर, ३७ अंशांवरच करायची. चाचणीत नळी खर्च होते, म्हणून दर टप्प्याला पाच दाबासाठी आणि पाच वजनासाठी, असे वेगळे नमुने पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायचे.