माना ताठ झाल्या की थांबायचं

काल पहाटे डभोईच्या पुढे एका गावच्या तळ्यात मी आणि दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, हवा भरायची कयाक घेऊन उतरलो, गावातल्या ओळखीच्या काकांना आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. बडोद्याच्या मानाने चांगलीच थंडी आणि पाण्यावर धुकं, पुढे बसलेल्या दादाची माकडटोपी तेवढी दिसत होती.

आधी आवाज आला. आँग आँग, नाकातून काढल्यासारखा. मग धुकं जरा सरकलं आणि समोर पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, हंसासारखे रानटी पक्षी, चाळीस-पन्नास तरी असतील, इतके जवळ की डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवाय दिसले! वढवाणाला आम्ही दर हिवाळ्यात जातो, सयाजीरावांच्या काळात शेतीसाठी बांधलेला तो तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, पण तिथे बघायचं ते पाळीवरून, लांबून. पाण्याच्या लेव्हलला बसून, त्यांच्यासमोर, असं कधीच नाही.

मी फोन काढायला गेलो तर दादा हळूच म्हणाला, "थांब, माना बघ." खरंच, पाठीत चोच खुपसून झोपलेले सगळे जागे, माना ताठ, तोंडं एकाच दिशेला. अजून एकदा पॅडल मारलं असतं तर अख्खा थवा उठला असता. दोघांनी पॅडल मांडीवर घेतली आणि वाऱ्याने कयाक आपोआप मागे सरकत गेली.

हे पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात हो, आणि वाऱ्यावर तरंगत नाही, पंख मारत मारत, जीपीएस लावलेले काही तर ७००० मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. त्यांचं रक्तच विरळ हवेतून जास्त ऑक्सिजन धरतं. इथे रात्री शेतात चरायचं आणि दिवसा पाण्यावर आराम, मार्चच्या आसपास परत तीच चढण असते आणि त्यासाठी अंगावर चरबी लागते. उगाच उठवलं की तीच खर्च होते, म्हणून मला फोटोसाठी बोट थेट थव्यात घालणाऱ्यांचा फार राग येतो.

उजाडल्यावर एक काका म्हशी घेऊन आले. आम्हाला म्हणाले, "आ तो दर शियाळे आवे छे," म्हणजे हे तर दर हिवाळ्यात येतात. म्हशी सरळ पाण्यात शिरल्या, पट्टकादंब चार हात बाजूला सरकले आणि परत पाठीत चोच घालून झोपले.