मालवणच्या पाण्यातलं ते चपटं काय होतं?

मालवणहून परत आले की सासूबाई आधी पिशवी बघतात. "सुरमई न्हाई आणलीस?" पाण्याखाली जाऊन यायचं आणि नुसते फोटो आणायचे, हे त्यांना अजून पटलेलं नाही. त्यात फोटो कसला, तर हिरवट पाण्यातला एक काळपट डाग. त्या डागाचं नाव काढण्यात माझा जवळजवळ अख्खा सीझन गेला.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना डायव्हिंग करवतात, त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून फिरवतो. तो दाखवेल ते बघायचं आणि वर यायचं. मला एका जागी थांबून बघायचं होतं, म्हणून कोल्हापूरच्या अंबाई टँकवर पोहणं पक्कं केलं आणि तारकर्लीला ओपन वॉटरचा कोर्स केला. त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं, पण मला हवं ते सगळं त्याच्या निम्म्या खोलीतच असतं. कोर्समध्ये सगळ्यात कामाचं काय शिकले असेन तर हात-पाय न मारता अधांतरी राहणं. लहान जीव बघताना पाय हलला की गाळ उठतो, आणि कोकणच्या पाण्यात एकदा गाळ उठला की काही बघायचं राहत नाही.

तर एका खडकाच्या आडोशाला मऊ, अर्धपारदर्शक गोळ्यांचा पुंजका होता आणि त्यावरून काहीतरी सरकत होतं. अंगठ्याएवढं, कागदासारखं पातळ, कडेला फिकट रेघ. दोन-तीन फोटो मिळाले, तेवढ्यात सोबतच्या पोराने वर चलायची खूण केली. बोटीवर त्याला विचारलं तर म्हणाला, "ता म्हायत नाय ताई, पण तेका हात लावू नको." सल्ला योग्यच होता.

कोल्हापूरला आल्यावर फोटो आयनॅचरलिस्टवर टाकून बघितला. फोटो, तारीख आणि जागा दिली की अ‍ॅप आपला अंदाज सांगतं, मग माणसं येऊन तो तपासतात. अ‍ॅपने सांगितलं, समुद्री गोगलगाय. म्हणजे न्यूडीब्रँक, बिनशंखाची, रंगीबेरंगी. मी नेटवर रंग जुळवत बसले. शेकडो फोटो, आणि प्रत्येक दुसरा आपलाच वाटायचा.

शेवटी आमच्या ओळखीच्या, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांकडे गेले. त्यांनी फोटोकडे धड बघितलंसुद्धा नाही. "रंग ऱ्हाऊ दे बाजूला. बसलं कशावर हुतं ते सांग." मग कागद ओढून दोन आकृत्या काढल्या: एक गोगलगायीची, दुसरी चपटकृमीची, म्हणजे तशाच दिसणाऱ्या चपट्या किड्याची. न्यूडीब्रँक गटातल्या बऱ्याच गोगलगायींच्या डोक्यावर दोन सुटी शिंगं असतात आणि पाठीवर मागे कल्ल्यांचा फुलासारखा झुपका. चपटकृमीला कल्ले नसतातच, तो अंगभर त्वचेतूनच श्वास घेतो. आणि त्याची शिंगं म्हणजे पुढची कडच दोन जागी मुडपलेली. काही चपटकृमी तर विषारी गोगलगायींसारखेच रंग घेऊन फिरतात, म्हणजे माशांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. अशा प्राण्याची ओळख रंगावरून सुरू केली तर फसणारच. आधी घडण, मग रंग.

शिवाय माझ्या फोटोतला रंग मुळात खरा नव्हताच. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाचेक मीटरवर तो फिका पडतो, दहा मीटरवर जवळजवळ नाहीसा होतो. लालभडक वस्तू तिथे काळपट दिसते. टॉर्च जवळ धरला तरच खरा रंग परत येतो.

पुढच्या खेपेला टॉर्च आणि पाण्यात लिहायची पाटी घेऊन गेले. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली; गाडीत डोक्यात एकच, तो पुंजका सापडेल का. सापडला. लांबून स्पंजच वाटत होता. अगदी हळू जवळ गेले तर प्रत्येक गोळ्याला दोन उघडी तोंडं दिसली, आणि माझा हात पुढे झाला तशी ती पटापट मिटली. स्पंजला मज्जासंस्था नसते, तो असा दचकत नाही. हे असिडियन. एका तोंडातून पाणी आत घ्यायचं, त्यातलं अन्न गाळायचं, दुसऱ्यातून बाहेर सोडायचं. लेकाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हर्डमानिया म्हणून जो प्राणी आहे, तो यांच्यातलाच. अळी असताना यांच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो, आपल्या पाठीच्या कण्याच्या जागी आधी असतो तसा लवचीक दांडा, म्हणजे खडकाला चिकटलेला हा गोळा तारामाशापेक्षा आपल्या जवळचा नातेवाईक! हे घरी सांगितल्यावर लेकाने आत्याकडे बघून जे हसू दाबलं, ते सोडा.

आणि त्या गोळ्यांच्या कडेला तोच चपटा पाहुणा, किंवा त्याचा भाऊबंद. टॉर्चच्या उजेडात तो काळा नव्हे, गर्द जांभळट-तांबूस निघाला. पाठीवर झुपका नाही. पुढची कड मुडपलेली. समोरून, बाजूने, वरून फोटो घेतले. मापासाठी शेजारी, न टेकवता, बोट धरलं. पाटीवर लिहिलं: खोली, खडकाची सावलीतली बाजू, असिडियनवर.

सर हे वाचून खूश झाले. या कुळातले बरेच चपटकृमी असिडियनच खातात, त्यामुळे बसायची जागा हाच अर्धा पुरावा. आयनॅचरलिस्टवर दोन अनोळखी माणसांनी त्याला स्यूडोसेरॉस या वंशात, म्हणजे जीनसमध्ये, बसवलं. तिथेच तो अडकला आहे.

प्रजाती, म्हणजे स्पीशीज, पक्की करायची तर काय, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, तो पकडून फॉर्मॅलिनमध्ये घालायचा, तोही जपून, नाहीतर वाटेतच विरघळतो; मग जननेंद्रियांचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. "आणि मालवणचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य हाय, परवानगी कोण काढणार?" मी म्हटलं, नको, वंशापर्यंत पुरे.