केंद्रकपटल फाटताना

त्या दिवशी पाहिलेल्या शेकडो पेशींपैकी एक पेशी अजूनही माझ्या मनातून जात नाही.

पेशी विभागताना लांबच लांब डीएनए आवळून त्याची सुटसुटीत गुणसूत्रे घडवणारी कंडेन्सिन नावाची प्रथिन-संकुले कोणत्या क्षणी, गुणसूत्रावर नेमकी कुठे बसतात, हे पाहणे माझे काम आहे. मानवी पेशीत ही संकुले दोन प्रकारची असतात, हे २००३ साली स्पष्ट झाले. कंडेन्सिन-२ आधीपासून केंद्रकात असल्यामुळे पूर्वावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यात, कामाला लागते. कंडेन्सिन-१ मात्र पेशीद्रवात थांबते आणि केंद्रकाभोवतीचे आवरण, म्हणजे केंद्रकपटल, फुटल्यावरच गुणसूत्रांपर्यंत पोहोचते.

असे असताना माझ्या स्लाइडवर, पूर्वावस्थेतल्या वाटणाऱ्या पेशींमध्ये, कंडेन्सिन-१च्या कॅप-एच या घटकाला अँटिबॉडीने चिकटवलेला हिरवा रंग थेट गुणसूत्रांवर झळकत होता. सहकाऱ्याने ते चित्र लगेच बैठकीसाठी बाजूला काढले. ती घाई मला पटली नाही. केवळ डीएनएच्या रंगावरून अवस्था ठरवण्याची सवय आमच्याकडे फार रुजली आहे. आखडलेले धागे दिसले की पूर्वावस्था म्हणायचे आणि पटल शाबूत आहे की नाही हे तपासायचेच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तरी पहिला दोष माझ्याच कामात सापडला. मी पेशी आधी डिटर्जंटने धुऊन मग फॉर्मॅल्डिहाइडने आहेत त्या स्थितीत स्थिर केल्या होत्या. या क्रमाने पेशीद्रवातले सुटे प्रथिन निघून जाते आणि मध्यावस्थेतली, म्हणजे गुणसूत्रे पेशीच्या मधोमध रांगेत येतात तेव्हाची, चित्रे अतिशय स्वच्छ येतात: जोडीतल्या प्रत्येक क्रोमॅटिडच्या (गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रतींपैकी एकीच्या) मधोमध एक बारीक, किंचित मणीदार रेघ, त्यात कंडेन्सिन-२ अक्षाला धरून आणि गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे दोन्ही क्रोमॅटिड जोडलेल्या जागी, अधिक ठळक, तर कंडेन्सिन-१ त्याच्या भोवती थोडे रुंद पसरलेले. पण डिटर्जंट केंद्रकाचेही पटल विरघळवतो, आणि स्थिर होण्यापूर्वीच्या त्या थोड्या वेळात बाहेरचे कंडेन्सिन-१ आत शिरून गुणसूत्रांना चिकटू शकते. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवरच्या २०१८ सालच्या मोजणीत विभाजनादरम्यान गुणसूत्रांवर कंडेन्सिन-२ची सुमारे ३५,००० संकुले आढळली, तर कंडेन्सिन-१ची कमाल १,९५,०००. इतक्या मोठ्या साठ्यातला अगदी थोडा अंश आत झिरपला तरी चित्र फसवे होते.

मग त्याच दिवशी मी नव्या पेशी आधी स्थिर केल्या, डिटर्जंट नंतर वापरला आणि केंद्रकपटलाच्या आतले अस्तर दिसावे म्हणून त्या अस्तरातल्या लॅमिन या प्रथिनासाठी तिसरा रंग घातला. ज्या पेशींत लॅमिनचे कडे सलग होते, त्या सर्वांत कॅप-एच कड्याबाहेरच होते. एवढ्यावर प्रश्न मिटला असता.

परंतु एका पेशीत ते कडे एकाच बाजूला तुटले होते. फटीजवळच्या गुणसूत्रांवर हिरवी रेघ उमटलेली होती, पलीकडची गुणसूत्रे त्याच केंद्रकात असूनही जवळजवळ कोरी होती, आणि मी खोलीच्या दिशेने एकेक प्रतल तपासले तरी हा फरक टिकून राहिला. सूक्ष्मनलिकांच्या, म्हणजे पेशीतल्या बारीक प्रथिन-नळ्यांच्या, ओढीमुळे पटल सगळीकडून एकदम न फुटता आधी एखाद्या ठिकाणी फाटते, हे ठाऊक असल्याने त्या फाटीतून कंडेन्सिन-१ आत येताना मला दिसले, असे म्हणावेसे वाटते. मात्र स्थिर केलेल्या पेशीत काळ नसतो. कॅप-एच फाटीकडून पलीकडे सरकत होते की अँटिबॉडीच पलीकडे नीट पोहोचली नव्हती, हे त्या चित्रातून सांगता येत नाही. डीएनए आणि लॅमिनचे रंग दोन्ही बाजूंना सारखे होते, पण ते वेगळे रेणू आहेत.

सहकाऱ्याच्या मते एक पेशी म्हणजे पुरावा नव्हे, आणि त्यात तो बरोबर आहे. तरीही बैठकीत मी ती वगळली नाही. आता कॅप-एच आणि लॅमिन दोन्ही चमकणाऱ्या जिवंत पेशी वाढवायला घातल्या आहेत. पटल फाटण्याच्या सुमारास त्यांचे दर १५ सेकंदांनी चित्र घेणार आहे.