हरताळ

गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा

गुडघे बोलतायत. मुंबईच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढताना आज दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा ‘काय सुंदर खांब आहेत’ असा चेहरा केला. इमारत १८३३ची आहे, खांब खरंच देखणे आहेत, पण मी काही खांबांसाठी थांबले नव्हते.

मला एशियाटिकमध्ये, म्हणजे या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या जुन्या ग्रंथालयात, नेलं माझ्या जुन्या विद्यार्थिनीने. आठवीत माझ्याकडे मराठीला होती, आता पोथ्या उतरवून काढणाऱ्या लोकांवर संशोधन करते. ‘बाई, एकदा याच’ असं दोन वर्षं चाललं होतं. आयुष्य गिरगावात आणि मग डोंबिवलीत काढलं, हॉर्निमन सर्कलच्या बागेत डबेही खाल्ले, पण समोरच्या त्या पायऱ्या चढायचं कधी सुचलं नाही. संस्था १८०४ची, एवढं पुस्तकी ज्ञान तेवढं होतं.

आत गेल्यावर नाना शंकरशेटांच्या पुतळ्याला मनातल्या मनात नमस्कार केला. मग सगळे विचारतात तेच विचारलं: इटालियन महाकवी दान्तेचं हस्तलिखित? ती हसली. ‘बाई, आपण दान्तेसाठी नाही आलो.’ १५१६ सालचं, महाभारतातल्या आरण्यकपर्वाचं सचित्र हस्तलिखितही इथेच आहे, पण ते मी छापील चित्रांतच पाहिलंय आणि यापुढेही तसंच पाहीन. पिशवी, पाण्याची बाटली, पेन बाहेर. पेन्सिल चालते. शाळेत पोरांची पेनं काढून घेणारी मी, आज माझंच पेन जप्त.

तिने आधीच मागवून ठेवलेली पोथी आली. कापड सोडलं, वरची फळी उचलली. सुटी आडवी पानं, काळीभोर अक्षरं, दोन्ही बाजूंना तांबड्या रेघांचे समास. हातकागद इतका टणक की पान उलटताना खडखड वाजतं. माझ्या कपाटातल्या कादंबऱ्या पन्नास वर्षांत तपकिरी होऊन कोपऱ्यांना मोडायला लागल्या आणि ही बाई अडीचशे वर्षांची असून ठणठणीत! कारण सोपं आहे म्हणाली. कादंबऱ्यांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल त्यालाच खातं. हा चिंध्या कुटून केलेला. शाई म्हणजे काजळी आणि डिंक, तीही कागदाला चावत नाही.

मी सवयीने बोट जिभेला लावलं. ‘बाई!’ अशी ओरडली की क्षणभर मीच आठवीत. थुंकीने पान खराब होतं हे एक. दुसरं तिने बोट न टेकवता दाखवलं: ओळीच्या मधोमध पिवळा, किंचित चमकणारा पट्टा, त्यावर पुन्हा काळी अक्षरं. ‘हरताळ आहे. चुकलेलं अक्षर झाकायला फासायचे. त्यात सोमल असतो, विष.’

हरताळ फासायचे.

मी पेन्सिल खाली ठेवली. तीस वर्षं मी वाक्प्रचार शिकवले. ‘हरताळ फासणे’ आला की सांगायचे, हरताळ म्हणजे संप, दुकानं बंद, म्हणून हरताळ फासणे म्हणजे एखादी गोष्ट बंद पाडणे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, ‘बाई, संप फासतात कसा?’ मी त्याला खाली बसवलं. संप तो वेगळा हरताळ आणि हा खनिजाचा पिवळा लेप वेगळा. लिहिलेल्यावर हरताळ फासला की लिहिलेलं गेलं, एवढी सरळ गोष्ट. त्या मुलाचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. त्याचं नाव आठवत नाहीये आणि ते जास्त लागलंय.

नंतर एक शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, पोथीही पाहिली. छापील, पण सोंग हस्तलिखिताचं. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला लोक शिवत नव्हते, तेव्हा मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, ही गोष्ट तिने रंगवून सांगितली. एरवी मी आवडीने ऐकली असती. डोक्यात पिवळा पट्टा बसला होता.

कारण पिवळे पट्टे मी पाहिले होते. आमच्याच घरी. पणजोबांनी हाताने उतरवलेली, आजी चातुर्मासात वाचायची ती पोथी. आम्ही त्याला हळदीचे डाग समजायचो. आजी प्रत्येक पानाला बोट जिभेला लावायची आणि एक्क्याण्णव वर्षं जगली, सोमलाचं काय ते सोमलच जाणे. ती गेल्यावर पानांच्या कडा फाटायला लागल्या म्हणून मी मोठ्या मायेने सेलोटेप लावला. हे सांगितल्यावर पोरीने डोळे मिटले. मग एवढंच म्हणाली, ‘आता ओढून काढू नका, अक्षरं घेऊन येईल. माणूस मी देते. खळ आणि पातळ जपानी कागद लावून करतात ते. तोवर धुतलेल्या मांजरपाटात बांधून ठेवा, लाल कापडाचा रंग उतरतो.’

उतरताना पायऱ्यांवर नाही थांबले.

जेवण झाल्यावर कपाटातून पोथी काढली. हात साबणाने धुतले, कोरडे केले. टेपचा गोंद पार तपकिरी होऊन कागदात मुरलाय. एका पट्टीची कड उचलून आली होती, बोट जाऊन परत आलं. त्याच पानावर खाली पिवळा पट्टा. ट्यूबलाइटसमोर तिरकं धरलं. वर पणजोबांचं सुबक ‘तया’ आणि पिवळ्याच्या आत, अगदी पुसट, आणखी एक ‘तया’. तोच शब्द दोनदा लिहून गेले होते. डुलकी लागली असावी.

उद्या मांजरपाट. दीड मीटर पुरेल.