प्लॅन दोनशेचा, मग बेडरूममध्ये दहाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गोव्यात पर्वरी असो, ताळगाव असो की फातोर्डा, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: "इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, मोबाइलवर रेंज फुल्ल दिसते, तरी रात्री व्हिडिओ अडकतो. राऊटर बदलू का?" बहुतेकांना माझं उत्तर असतं, आत्ताच नको.

आधी हवेचा संबंध तोडून बघा. लॅपटॉप लॅन केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा दुपारी तीनला, एकदा रात्री साडेनऊला. केबलवरसुद्धा रात्री आकडा कोसळत असेल तर घरात काहीही बदलून उपयोग नाही. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट कंपनीला पाठवा आणि पाठपुरावा करा.

दोन्ही वेळा आकडा ९४च्या आसपास अडकून राहत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे किंवा केबल खराब आहे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १००ला चारच पुरतात. एक तार सैल झाली की दोन्ही टोकं काही न सांगता १००वर उतरतात. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसली की समजायचं. आपल्याकडे खाऱ्या, दमट हवेने प्लगच्या पिना हिरवट पडतात, समुद्राजवळ तर जास्तच. टोक कापून नवा प्लग दाबून बसवला (क्रिंप केला) की बहुधा काम होतं. नवी केबल घ्यायचीच तर कॅट ६, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको.

केबलवर २०० मिळतात आणि मोबाइलवर दहा, असं असेल तर मग दोष हवेचा. रेंज फुल्ल म्हणजे तुमचा राऊटर मोठ्याने ऐकू येतो, एवढंच. त्याला बोलायची पाळी कधी मिळते, हे त्या दांड्या सांगत नाहीत. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा वायफायचा नियम आहे. खालच्या मजल्यावरचा राऊटर तुमच्याच चॅनलवर असेल तर तुम्ही दोघं एकच वेळ वाटून घेता. त्यात प्रत्येक राऊटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या नावाची हाळी देत असतो, आणि वायफायच्या दोन बँडपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) २.४वर ती बहुधा सगळ्यात संथ वेगाने जाते. गोव्यात बंद फ्लॅट पुष्कळ. मालक मुंबईत नाहीतर दिल्लीत, राऊटर मात्र इथे बारा महिने हाळी देतोय. तुमच्या गेस्ट नेटवर्कचीही वेगळी हाळी असते, वापरात नसेल तर बंद करा.

अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप टाका आणि जिथे नेट अडकतं तिथेच उभं राहून बघा. २.४मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल दिसतात, पण शेजारशेजारचे चॅनल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न लागणारे तीनच, १, ६ आणि ११. मोकळा दिसतो म्हणून ३ किंवा ८ घेऊ नका. एकाच चॅनलवरचे राऊटर निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, अर्धवट चढलेले नुसता गोंगाट करतात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केलीत तर तुमचंही बिघडतं आणि शेजाऱ्याचंही. राऊटर जुना, संथ 'बी' मोड (८०२.११बी) बंद करू देत असेल तर तो बंद करा.

पण खरा फरक पडतो ५ गिगाहर्ट्झवर. तिथे जागा मुबलक आहे, ऑक्टोबर २०१८च्या सरकारी अधिसूचनेनंतर तर आणखी. शिवाय काँक्रीटमधून ही लहर नीट जात नाही, आणि दाटीच्या इमारतीत ते आपल्या पथ्यावरच पडतं, शेजाऱ्याचाही त्रास भिंतीपलीकडेच थांबतो. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही ५वर आणि बल्ब, प्रिंटर, कॅमेरे २.४वर. ऑटोवर सोडलेले बरेच राऊटर ३६ किंवा १४९ या चॅनलपाशी गोळा होतात. तिथे गर्दी दिसली तर रुंदी ८०वरून ४०वर आणा. कागदावरचा वेग निम्मा होतो, पण २०० एमबीपीएसच्या प्लॅनला तेवढा साधारण पुरतो.

५२ ते १४४ हे चॅनल बरेचदा रिकामे असतात, पण ते रडारच्या पट्ट्यात येतात. तिथे बसण्याआधी राऊटरला किमान मिनिटभर कान देऊन ऐकावं लागतं आणि रडारची चाहूल लागली की तत्काळ चॅनल सोडावा लागतो. दाबोळी, चिखली, वास्को अशा विमानतळाजवळच्या भागात राहत असाल आणि नेट अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल, तर राऊटरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) रडारची नोंद आहे का बघा. असेल तर मुकाट्याने ३६ किंवा १४९वर या.

आता जागा. फायबरवाला डबा मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटावर ठोकून जातो आणि बेडरूम राहते तीन भिंतींपलीकडे. राऊटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर हवा. फ्रीज, आरसा आणि लोखंडी कपाट यांच्यामागे नको. बेडरूममध्ये ॲप सिग्नलची ताकद उणे ६७ (डीबीएम) किंवा त्याहून बरा आकडा दाखवत असेल तर व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, उणे ७५च्या खाली तो तुटतो. शिवाय लांब कोपऱ्यातला असा एक मोबाइल संथ बोलून घरातल्या सगळ्यांचा वेळ खातो.

त्यासाठी लोक भिंतीत खोचायचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारा डबा, आणतात. माझ्या मते दाटीच्या इमारतीत ते पैसे पाण्यात. एकाच बँडवर चालणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो, म्हणजे वेग निम्मा आणि गर्दी दुप्पट. त्यापेक्षा बेडरूमपर्यंत एक केबल ओढा, टोकाला जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (केबलवरून आलेलं नेट फक्त वायफायने पसरवण्यासाठी) लावा, चॅनल मात्र पहिल्याहून वेगळा द्या. टीव्हीलाही जमलं तर केबलच द्या. फक्त इलेक्ट्रिशियनला ती विजेच्या वायरींच्या पाइपातून ओढू देऊ नका. जुन्या टीव्ही केबलचा किंवा टेलिफोनचा पाइप भिंतीत असेल, तर आधी त्यात तार जाते का ते बघायला सांगा.