मार्टिन-लीकची फिगर: खाकी बसली, आता बाह्या

आर्थर मार्टिन-लीक या ब्रिटिश लष्करी डॉक्टरच्या ७५ मिमी फिगरवर खाकीचा बेस कोट बसला. चेहरा आधीच उरकलाय. चाळिशीचा माणूस, म्हणून डोळ्यांखाली सावली जरा जास्त दिली.

घोडं अडलं होतं साल ठरवण्यावर. या डॉक्टरचा गणवेश सारखा बदलतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात आधी येओमनरीत (स्वयंसेवकांचं घोडदळ) साधा शिपाई, नंतर साउथ आफ्रिकन कॉन्स्टेब्युलरी या पोलीस दलात सर्जन-कॅप्टन. ८ फेब्रुवारी १९०२ रोजी व्लाकफाँटेनला शंभर यार्डांवरून गोळीबार चालू असताना जखमींच्या पट्ट्या बांधत होता. स्वतःला तीन गोळ्या लागल्या, तरी बाकीच्यांना मिळेपर्यंत पाणी घेतलं नाही. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी), ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. पुढच्या वर्षी एफआरसीएस ही सर्जनची पात्रता, आणि मग नोकरी कुठे, तर बंगाल-नागपूर रेल्वेत! नागपूरकरांनो, आपल्या बीएनआरचा डॉक्टर. तिथूनही १९१२-१३ला रेडक्रॉसबरोबर माँटेनेग्रोला बाल्कन युद्धात गेलाच.

शेवटी १९१४, म्हणजे पहिलं महायुद्ध, पक्कं केलं. वयामुळे नाकारतील या धास्तीने त्याने पॅरिस गाठून तिथल्या ब्रिटिश वकिलातीत नाव नोंदवलं आणि ५व्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये (आघाडीवरची वैद्यकीय तुकडी) लेफ्टनंट झाला. मला रंगवायची आहे ती हीच विसंगती: बाहीवर दोनच तारे आणि छातीवर व्हीसीची रिबन.

रिबन दिसायला सोपी, पण छळते. नुसता किरमिजी रंग खाकीवर मातकट दिसतो. कडेला अगदी पातळ काळपट रेघ मारली तेव्हा उठाव आला. शेजारची क्वीन्स साउथ आफ्रिका या बोअर युद्धाच्या पदकाची रिबन त्यामानाने सुखाची: मध्ये रुंद नारिंगी, दोन्हीकडे निळा, कडांना लाल. रिबनवरचा चिमुकला क्रॉस १९१४ला नव्हता, तो कुणी सुचवू नका. दुसऱ्यांदा व्हीसी मिळाल्याची खूण असलेला बारही नाही. बेल्जियममधल्या झोनेबेकची कामगिरी ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१४ची असली तरी सन्मान जाहीर झाला फेब्रुवारी १९१५मध्ये. असा बार मिळवणारा हा पहिलाच. त्याच्यानंतर फक्त नोएल शवास (तोही लष्करी डॉक्टर) आणि चार्ल्स अपहॅम.

मोह होतो तो १९१७च्या आवृत्तीचा. तेव्हा तो लेफ्टनंट-कर्नल, ४६व्या फील्ड ॲम्ब्युलन्सचा प्रमुख, आणि जखमी शवासला बेल्जियममधल्या ब्रांडहूकला पोचवलं ते याच तुकडीने. दोघांचा डायोरामा करता येईल, पण बजेट बघून.

तूर्तास कफवरची एकेरी पट्टी आणि डाव्या दंडावरचा रेडक्रॉस बाकी आहे. पट्टीसाठी ००० नंबरचा ब्रश फाटतोय. बारीक रेघेला तुम्ही काय वापरता?